नवी बॅटरी घेण्याआधी: जुन्या गाडीची बॅटरी कशी तपासावी, कशी राखावी आणि कोणत्या क्रमाने बदलावी

सकाळी किल्ली फिरवली, बॉनेटखाली 'टक' वाजलं आणि गाडी गप्प झाली, की बहुतेकांचा निर्णय ठरलेला असतो: बॅटरी गेली, नवी टाका. दुकानदार नवी टाकतो, गाडी सुरू होते, आणि दीड-दोन महिन्यांनी शेजाऱ्यांना पुन्हा धक्का मारायला बोलवावं लागतं. कारण बॅटरी बदलली तरी तिला रिकामी करणारी गोष्ट गाडीत तशीच राहिलेली असते. म्हणून या लेखात बॅटरी बदलण्याची पाळी बरीच उशिरा येते. त्याआधीच्या तपासण्या गाळू नका आणि त्यांचा क्रमही मोडू नका.

हे सगळं मारुती ८००, ओम्नी, झेन, जुनी सँट्रो, पेट्रोल इंडिका अशा गाड्यांसाठी आहे. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या नव्या गाड्यांच्या बॅटऱ्या वेगळ्या असतात, त्यांना हे जसंच्या तसं लावू नका.

आपल्या सांगली-मिरजेच्या हवेबद्दल एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. बॅटरीचं खरं नुकसान एप्रिल-मेच्या उन्हात होतं. उष्णतेनं आतलं पाणी उडतं आणि शिशाच्या जाळ्या लवकर गंजतात. तरी गाडी चालत राहते, कारण गरम इंजिन सेल्फला (स्टार्टर मोटरला) जड जात नाही. ते नुकसान उघडं पडतं डिसेंबरच्या पहाटे, ऑइल घट्ट झालेलं असतं तेव्हा. त्यामुळे बॅटरी तपासायची वेळ पावसाळा संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमाराला. गाडी अडेपर्यंत थांबू नका.

१. तयारी

साहित्य फार लागत नाही. १० नंबरचा पाना (मारुतीसारख्या गाड्यांना टर्मिनल, म्हणजे बॅटरीच्या खांबावर बसणारं वायरीचं टोक, आणि बॅटरी जागेवर दाबून धरणारा क्लॅम्प या दोन्हीला बहुतेक हाच चालतो, काही गाड्यांना १३ नंबर लागतो), साधा डिजिटल मल्टिमीटर, जुना टूथब्रश, बारीक पॉलिश पेपर, खायचा सोडा, डिस्टिल्ड वॉटर, पेट्रोलियम जेली, रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. बॅटरीला वर बुचं असतील तर हायड्रोमीटरही (ॲसिडची घनता मोजणारी नळी) घ्या.

गाडी सपाट जागी, सावलीत आणि उघड्यावर लावा. हँडब्रेक ओढा, किल्ली काढून खिशात ठेवा. अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी उतरवून ठेवा. प्लस आणि बॉडीच्या मध्ये अंगठी सापडली तर ती क्षणात लालबुंद तापते.

सावधान: चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. जवळ बिडी, सिगारेट, काडी काही नको. ॲसिड डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यानं डोळा धुवायचा आणि थेट डॉक्टरकडे जायचं.

२. आधी नुसतं बघा

मीटर बाजूला ठेवून बॅटरीकडे नीट बघा. बाजू फुगल्या असतील, खोक्याला तडा असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर ती बॅटरी चार्ज करू नका आणि तिच्यावर जंपर केबलही लावू नका. फुगलेली बॅटरी बहुतेक वेळा जास्त चार्जिंगनं फुगते. म्हणजे दोष अल्टरनेटरच्या (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) रेग्युलेटरमध्ये असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडचे वायरमन त्याला कटआऊट म्हणतात. तो दोष राहिला तर नवी बॅटरीही तशीच फुगेल.

आता बॅटरी दोन्ही हातांनी हलवून बघा. जराही डुलली तर क्लॅम्प ढिला आहे. आपल्या रस्त्यांवरचे गतिरोधक आणि खड्डे पाहता हे दुर्लक्ष महागात पडतं, कारण हादऱ्यांनी प्लेटांवरचा मसाला गळून तळाशी साठतो आणि सेल, म्हणजे बॅटरीच्या सहा कप्प्यांपैकी एक, आतून शॉर्ट होतो. मग दोन्ही टर्मिनल बोटांनी पिळून बघा. हातानं फिरणारं टर्मिनल हे 'बॅटरी गेली' या निदानामागचं नेहमीचं कारण आहे, आणि त्याची दुरुस्ती पाना फिरवण्याइतकीच.

डोळा, म्हणजे वर चार्ज दाखवणारी छोटी रंगीत खिडकी, असलेल्या बॅटरीत हिरवा रंग दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. तो डोळा सहापैकी एकाच सेलची स्थिती दाखवतो.

३. टर्मिनलची सफाई

टर्मिनलवर पांढरी किंवा निळसर-हिरवी पावडर धरली असेल तर नुसत्या फडक्यानं पुसू नका. ती उडून डोळ्यांत आणि रंगावर जाते.

आधी निगेटिव्ह, म्हणजे काळी वायर काढा, मग लाल. हा क्रम का, ते बॅटरी बदलण्याच्या टप्प्यात येईल. अर्धा लिटर कोमट पाण्यात मोठा चमचाभर खायचा सोडा मिसळा, बुचं घट्ट आहेत याची खात्री करा आणि ब्रशनं खांब व वायरीची टोकं घासा. फेस येईल. फेस थांबेपर्यंत घासत राहा, मग स्वच्छ पाण्यानं धुऊन कोरडं करा. सोड्याचं पाणी बुचातून आत गेलं तर आतलं ॲसिड मारलं जातं, म्हणून बुचांकडे लक्ष. शेवटी खांब आणि टर्मिनलची आतली बाजू पॉलिश पेपरनं चमकेपर्यंत घासा.

जोडताना आधी लाल, मग काळी. जेली लावायची ती टर्मिनल कसून झाल्यावर, बाहेरून. आधी ग्रीस फासून मग टर्मिनल बसवण्याची सवय अनेकांना आहे. त्यानं धातूला धातू नीट लागत नाही.

बॅटरीचा वरचा भागही पुसा. धूळ आणि ओल यांच्या थरातून प्लसपासून मायनसपर्यंत थोडा करंट सतत वाहत राहतो.

४. पाणी

बुचं असलेल्या बॅटरीतच हे काम. सील बॅटरीचं झाकण उचकटायला जाऊ नका.

पातळी वरच्या-खालच्या खुणांच्या मध्ये हवी. खुणा नसतील तर प्लेटा बुडून वर साधारण एक सेंटिमीटर पाणी पुरे. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा, एरवी दोन महिन्यांनी बघा. इथे चार चुका नेहमी होतात:

बोअरचं किंवा नळाचं पाणी. त्यातले क्षार प्लेटांवर बसतात आणि पुन्हा निघत नाहीत. घरच्या फिल्टरचं पाणीही चालत नाही, पिण्याजोगं असलं तरी त्यात क्षार उरतातच.

एसीतून ठिबकणारं पाणी. ते दिसायला स्वच्छ असतं, पण कॉइलवरची धूळ आणि धातूचे कण घेऊन येतं. डिस्टिल्ड वॉटरची बाटली इतकी स्वस्त असताना हा धोका का पत्करायचा?

ॲसिड टाकणं. बाहेर उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. वरून ॲसिड ओतलं की प्रमाण वाढतं आणि प्लेटा खाल्ल्या जातात. बॅटरी आडवी होऊन सांडली असेल तरच ॲसिडचा विचार, आणि तोही बॅटरीवाल्याकडून.

चार्जिंगच्या आधी काठोकाठ भरणं. चार्ज होताना पातळी चढते आणि ॲसिड बाहेर येऊन ट्रे गंजतो. प्लेटा उघड्या असतील तर त्या बुडण्यापुरतंच आधी घाला, बाकीचं चार्जिंग झाल्यावर.

५. मीटर तीन वेळा लावायचा

एकदाच मीटर लावून '१२ दाखवतंय, म्हणजे ठीक' म्हणणं चुकीचं आहे. १२.० व्होल्ट म्हणजे बॅटरीत पाव हिस्साच उरलाय. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा.

पहिलं मोजमाप, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. लगेच मोजायचं असेल तर हेडलाइट मिनिटभर लावून बंद करा, पाचेक मिनिटं थांबा, मग मोजा. १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२.४ च्या खाली आली की चार्ज करायला हवी. अर्धवट चार्जवर दिवसेंदिवस राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं.

दुसरं, सेल्फ मारताना. मीटर खांबांवर धरून दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगा. आकडा ९.६ च्या खाली जाता कामा नये. १० च्या वर राहिला तर छान. आधी १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताना ८ वर कोसळली, तर ती आतून खलास आहे. मात्र ती पुरती चार्ज केल्यावरच हा निकाल द्या.

तिसरं, इंजिन चालू असताना, जरा रेस देऊन. १३.८ ते १४.५ हवं. मग हेडलाइट, पंखा, वायपर लावा, तरी १३.५ च्या आसपास टिकायला हवं. १३ च्या खाली राहिलं तर बेल्ट ढिला, वायर सैल किंवा अल्टरनेटर कमजोर. १४.८ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडलाय. या दोन्ही स्थितींत नवी बॅटरी घेऊ नका. आधी ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा.

हायड्रोमीटर असेल तर सहाही सेल बघा. चार्ज बॅटरीत आकडा बाराशे पन्नासच्या आसपास किंवा वर यायला हवा. आकडा किती यापेक्षा सेलांमधला फरक बघणं महत्त्वाचं: पाच सेल सारखे आणि एक पन्नास अंशांनी खाली, म्हणजे तो सेल गेला. अशी बॅटरी चार्ज करत बसण्यात अर्थ नाही.

सावधान: अल्टरनेटर चालतो का हे पाहायला चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढण्याची जुनी पद्धत अजून गॅरेजांत दिसते. ती कधीच करू देऊ नका. बॅटरी सुटली की व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड किंवा इंजेक्शनच्या गाडीतला कॉम्प्युटर जळू शकतो. तीच गोष्ट मीटर कसलाही धोका न पत्करता सांगतो.

६. अर्थिंग, जिकडे कोणी बघत नाही

जुन्या गाडीत माझा पहिला संशय बॅटरीच्या आधी इथे जातो.

बॅटरीची काळी वायर बॉडीला जाते आणि बॉडीपासून इंजिनला किंवा गिअरबॉक्सला एक जाड पट्टी जाते. सेल्फचा सगळा करंट, शंभर अँपिअरच्या पुढचा, याच वाटेनं परत येतो. पंधरा-वीस वर्षांत त्या बोल्टखाली गंज धरतो. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, कारण त्यांना करंट थोडाच लागतो. सेल्फ मात्र 'टक' करून थांबतो.

विश्रामबागेतल्या एका ओळखीच्या सरांची झेन अशीच अडली होती. "अहो, नवी कोरी बॅटरी टाकलीय, तरी घेईना झालीय," असं ते वैतागून सांगत होते. मीटर बॅटरीवर १२.६ दाखवत होता. निगेटिव्ह खांब आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यात मीटर लावून सेल्फ मारला, तर तिथे दीड व्होल्ट हरवत होता. गिअरबॉक्सवरची पट्टी सोडवली. वरून ती धड दिसत होती, पण बोल्टच्या कडीखाली तांब्याचे धागे हिरवट होऊन बोटांनी चुरगळत होते. पट्टी बदलली आणि पहिल्याच किल्लीला गाडी लागली. जुनी बॅटरी तोवर भंगारात गेली होती. ती बहुधा चांगलीच होती.

तपासणी तीच: मीटरचं एक टोक निगेटिव्ह खांबावर (टर्मिनलवर नव्हे, खांबावर), दुसरं इंजिनच्या धातूवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर दोन्ही टोकांचे बोल्ट काढा, खालचा रंग-गंज घासून धातू उघडा करा आणि पुन्हा कसा. पट्टी चुरगळत असेल तर नवी घाला. प्लसच्या बाजूनंही असंच बघता येतं, प्लस खांब आणि सेल्फच्या जाड बोल्टच्या मध्ये.

७. बंद गाडीत करंट कोण खातंय?

रात्री भरलेली बॅटरी दोन-तीन दिवसांत उतरत असेल तर हा टप्पा टाळू नका.

सगळे दिवे, टेप बंद करा, किल्ली काढा, दारं लावा. बॉनेट उघडं ठेवावं लागतं, म्हणून बॉनेटखाली दिवा असेल तर त्याचा बल्ब काढा. मीटर १० अँपिअरवर घ्या, लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला. निगेटिव्ह वायर काढून मीटर खांब आणि त्या वायरच्या मध्ये लावा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, त्याचा फ्यूज लगेच उडेल. वीस-पंचवीस मिनिटं थांबून आकडा वाचा.

५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर चिंता नाही. २०० मिलिअँपिअर असेल तर दिवसाला जवळजवळ ५ अँपिअर-तास जातात, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी आठवड्यात रिकामी. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो त्या वाटेवर चोर आहे. बाहेरून बसवलेला टेप, सेंट्रल लॉक, जादा हॉर्नचा रिले, डिकीतला न विझणारा दिवा हे नेहमीचे आरोपी. कुठल्याच फ्यूजला आकडा हलला नाही तर अल्टरनेटरचा डायोड गळत असेल; तो इलेक्ट्रिशियनकडून तपासा.

८. चार्जिंग

बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्यानं चार्ज करा: ३५ ची असेल तर साडेतीन अँपिअर, दहा-बारा तास. 'दोन तासांत करून देतो' म्हणणारं फास्ट चार्जिंग जुन्या बॅटरीला तापवतं. चार्जरच्या पिना बॅटरीला लावून मग बटण चालू करायचं. काढताना आधी बटण बंद. उलट केलं तर ठिणगी वायूच्या तोंडावरच पडते.

गाडी चालवून चार्ज होईल या भरवशावर फार राहू नका. विश्रामबागेतून गणपती पेठेत जाऊन यायचं, मध्ये दोनदा गाडी बंद-चालू करायची, यात सेल्फनं खाल्लेलं भरून निघतंच असं नाही. गाडी कमी निघत असेल तर आठवड्यातून एकदा तासगावपर्यंत, पंचवीसेक किलोमीटर, एका दमात फिरवून आणा. अंगणात पाच मिनिटं इंजिन चालू ठेवण्यानं काही साधत नाही, उलट सेल्फचाच खर्च वाढतो. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर बॅटरी पुरती चार्ज करून निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

९. घेताना काय बघायचं

पुरतं चार्ज करून, अर्थिंग आणि अल्टरनेटर ठीक असूनही सेल्फ मारताना बॅटरी कोसळत असेल, तर आता बदलायची. आपल्या हवेत तीन-चार वर्षं चालली असेल तर तिनं आपलं काम केलं.

दुकानात जाताना जुन्या बॅटरीचा फोटो घेऊन जा: वरचा नंबर, आणि खांबांची बाजू आपल्याकडे असताना प्लस डावीकडे की उजवीकडे. लहान मारुतीला बहुधा ३८बी२०एल जातीची, ३५ अँपिअर-तासांची बॅटरी लागते. यातलं २० म्हणजे साधारण लांबी सेंटिमीटरमध्ये. शेवटी एस जोडलेला असेल तर खांब जाड. बारीक खांबाला जाड टर्मिनल बसत नाही आणि मग पत्रा किंवा खिळा ठोकून काम भागवलं जातं. ते मान्य करू नका. दुकानात शिशाचं कडं मिळतं, किंवा योग्य खांबाची बॅटरीच मागा.

जास्त क्षमतेची घेण्याचा मोह असेल तर आधी ट्रे आणि उंची मोजा. उंच बॅटरीचा प्लस बॉनेटला टेकला तर आग लागते.

बनवल्याची तारीख दुकानदाराकडून वाचून घ्या आणि बिलावर लिहून घ्या. तीन महिन्यांपेक्षा जुना माल नको, उन्हाळ्यात तर नकोच, कारण बॅटरी कपाटात ठेवली तरी उतरते. काउंटरवरच मीटर लावा: १२.५ च्या खाली असेल तर चार्ज करून मागा. वॉरंटीचे महिने किती मोफत बदलीचे आणि किती कपात करून बदलीचे हे वेगळं विचारा. '३६ महिने' या एका आकड्यात बहुधा दोन्ही मिळून असतात. कार्डावर शिक्का आणि गाडीचा नंबर घ्या.

१०. बदलण्याचा क्रम

१. टेपला कोड लागत असेल तर तो हाताशी ठेवा. काचा खाली करा, गाडी लॉक होऊन किल्ली आत राहायला नको.

२. काळी वायर आधी काढा. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. लाल आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर शॉर्ट होऊन पाना चिकटतो. काळी सुटलेली असेल तर तोच पाना टेकला तरी काही होत नाही.

३. काढलेली वायर फडक्यात गुंडाळून बाजूला वळवा. स्वतःच्या ताणानं ती परत खांबावर येते.

४. लाल काढा. टर्मिनल अडकलं तर पान्यानं-हातोडीनं ठोकू नका, नट पुरता सैल करून डावीउजवीकडे हलवा.

५. क्लॅम्प काढा, बॅटरी सरळ उचला. लहान बॅटरीही नऊ-दहा किलोची असते. वाकून न उचलता गुडघ्यात बसा.

६. ट्रे सोड्याच्या पाण्यानं धुवा, वाळवा. गंज असेल तर घासून रंग द्या. पाच मिनिटांचं काम म्हणून हा टप्पा गाळला जातो आणि पुढच्या वर्षी ट्रेला भोक पडतं.

७. नवी बसवा.

तपासा: प्लस त्याच बाजूला आहे? लाल वायर ताण न देता पोचते? बॉनेट हळू टेकवून बघा, वर जागा आहे?

८. क्लॅम्प कसा. नवी बॅटरी जरा आखूड म्हणून क्लॅम्प टाकून तारेनं बांधू नका. क्लॅम्प प्लसपासून लांब आहे हे बघा.

९. आता लाल आधी, काळी शेवटी. टर्मिनल हातानं दाबून खांबाच्या तळापर्यंत बसवा, मग कसा. हातानं फिरलं नाही म्हणजे पुरे. जोर लावला तर शिशाचा खांब तुटतो. काळी लावताना बारीक ठिणगी पडते ती चालते. मोठी पडली तर थांबा, काहीतरी चालू राहिलंय.

१०. प्लसवर रबरी टोपी चढवा, बाहेरून जेली लावा. गाडी सुरू करून मीटर पुन्हा लावा: १३.८ ते १४.५. इंजेक्शनची गाडी पहिला थोडा वेळ खडखडत चालेल. थोडं फिरवल्यावर ती पूर्ववत होते.

उलटी जोडली गेली तर फ्यूज उडतात आणि अल्टरनेटरचे डायोड जातात. वायरींचा रंग जुन्या गाडीत कुणीतरी बदललेला असू शकतो, म्हणून रंगावर न जाता खांबाशेजारची प्लस-मायनसची खूण वाचा.

११. अडल्यावर आणि पुराच्या दिवसांत

जंपर केबल लावताना: लाल उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक अडलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकलेल्या नकोत. काढताना क्रम उलटा. ऑटोमॅटिक गाडी धक्क्यानं सुरू होत नाही, आणि इंजेक्शनच्या गाडीची बॅटरी साफ रिकामी असेल तर धक्का मारून दम लागतो एवढंच, कारण पंप आणि कॉम्प्युटरलाही करंट लागतो.

२०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको, पण आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघाली की गाडी उंचावर हलवा. हलवणं शक्य नसेल तर निगेटिव्ह वायर काढून ठेवा. पाण्यात राहिलेल्या गाडीची किल्ली 'बघूया तरी' म्हणून फिरवू नका. आधी निगेटिव्ह काढा, बॅटरीवरचा गाळ धुवा, बाकी तपासणी मेकॅनिक करेल. वाळलेला गाळ बॅटरीवर तसाच ठेवला तर ओल लागताच तो करंट वाहून नेतो.

जुनी बॅटरी घरात, गच्चीवर ठेवू नका आणि फिरत्या भंगारवाल्यालाही देऊ नका. ती फोडून ॲसिड ओढ्या-नाल्यात ओततात आणि शिसं उघड्यावर वितळवतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती अधिकृत गोळा करणाऱ्याकडेच जायला हवी. नवी घेताना दुकानात जुनी द्या आणि तिची वजावट बिलात वेगळी लिहून घ्या. बसवल्याची तारीख मार्करनं नव्या बॅटरीवर लिहा, आणि महिन्याभरानं, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, मीटर एकदा परत लावा. १२.५ च्या खाली दिसलं तर टप्पा ७ पुन्हा करा.